बांधाखालची ओल

९ मार्च

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्राला उत्तर नाही, म्हणजे साहेब कामात बुडालेले दिसतात. जगाचे बांध तपासत हिंडतोस आणि घरच्या तळ्याकडे ढुंकून बघत नाहीस, असं अण्णांना म्हणाले, तर माझ्यावरच डाफरले. त्यांच्या बांधाला काय धाड भरली आहे, म्हणे!

ते मला कळत नाही, म्हणून तर लिहिते आहे. बांधाच्या पायथ्याशी, जुना लोखंडी पाइप बाहेर येतो तिथे, भर उन्हात चिखल असतो. सगळं गवत वाळलंय, तेवढाच पट्टा हिरवागार. परवा तिथेच घसरून आपटले. तुझे भाऊजी हसून हसून बेजार. अण्णा म्हणतात, सांधा पाझरतोय, जुनंच आहे. पण पाणी गढूळ येतंय रे. आणि खाली बैठ्या घरांची रांग आणि बालवाडी आहे, हे तुला सांगायला नको.

बाकी अण्णा मजेत. या वयातही रोज सकाळी पाण्यात उभं राहून पोहायला शिकवतात. काल एका लठ्ठ वकिलांना आडवं केलं. ते तरंगले तेव्हा वकील राहिले बाजूला, अण्णाच टाळ्या पिटत होते.

एकदा येऊन बघून जा. हात हलवत आलास तरी चालेल.

माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.
तुझी ताई

२ एप्रिल

रा. रा. तपासनीससाहेब यांस,
सा. न. वि. वि.

आपण बापाच्या घरी जेवलात, बापाच्या पलंगावर झोपलात आणि सकाळी तळ्याच्या समितीपुढे उभे राहून बापाचा बांध कापायला सांगितलात.

तळं होण्याआधी तिथे काटेरी झुडपं आणि केरकचरा होता. कामावरून सुटलेली माणसं संध्याकाळी घमेली घेऊन येत. आपण आईच्या पोटात होता, तेव्हा तिनेही माती वाहिली आहे. पोरांना डुंबायला आणि दमलेल्या माणसाला घटकाभर होडीत बसायला गावात दुसरी जागा नाही.

पाइप बदलू, असं मी म्हणालो. त्यावर आपण सर्वांदेखत सांगितलंत, की अण्णा, बांध आतून पोखरला आहे. बापाला चारचौघांत असं सांगतात?

अहवाल मागे घ्यावा. नाहीतर या दाराशी येण्याची तसदी घेऊ नये.

अधिक काय लिहिणे.
आपला,
पोहण्याचा मास्तर

१० एप्रिल

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

शिव्या घातल्या असत्यात तर निमूट ऐकल्या असत्या. 'आपण' सहन होत नाही.

आदल्या दिवशी जेवतानाच सांगणार होतो. तुम्ही त्या वकिलांची गोष्ट रंगवून सांगत होतात, माझी जीभ उचलली नाही.

पाइप गंजून चाळण झाला आहे. पाणी त्याच्या कडेने वाट काढतं आणि जाताना बांधाची माती घेऊन जातं. वरून बांध धडधाकट दिसतो, आत पोकळी वाढते आहे. पाइप बदलायचा तरी तळं रिकामं करून बांध कापावाच लागेल. पुन्हा बांधायचा की नाही, ते समितीने ठरवायचं. पावसात तो फुटेलच असं मी म्हणत नाही. पण फुटणार नाही, असं त्या बालवाडीतल्या बाईंना तुम्ही सांगाल का? मला सांगता येत नाही.

अहवाल मागे घेता येणार नाही. दार बंद केलंत तरी मी तुमचाच आहे.

तब्येतीला जपा. रागावलात तरी आशीर्वाद असू द्या.
तुमचा,
भोपळ्या

२४ मे

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

काल बांध कापला. पाणी आधीच काढलं होतं. तळाशी नुसता काळा गाळ, आणि पोरं उरलेले मासे बादल्यांत भरून नदीकडे पळवत होती.

अण्णा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर बसले होते. यंत्र चालवणारा त्यांच्याच हाताखाली पोहायला शिकलेला. तो हात जोडून समोर उभा राहिला, इंजिन सुरू करेना. शेवटी अण्णांनीच त्याला सांगितलं, की उजवीकडून घे, डावीकडे खडक लागेल. ऐकून तुझ्या भाऊजींनी तोंड फिरवलं.

कापल्यावर आत पोकळी निघाली, माणूस उकिडवा बसेल एवढी. अण्णांनी खांद्यापर्यंत हात घालून ती चाचपली. घरी येऊन हातही धुतला नाही. मी म्हटलं, भोपळ्याला दोन ओळी लिहा. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

समिती आता पुन्हा बांधायचं नाही म्हणते. अण्णांचं जेवण अर्ध्यावर आलंय.

तू मात्र वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी पोचलो तेव्हा अण्णा गेले होते आणि घर माणसांनी भरलेलं होतं. विचारायचं राहून गेलं. शेवटी त्यांनी माझं नाव काढलं का गं? खरं असेल तेच लिही.

भाऊजींना नमस्कार. मला अंतर देऊ नकोस.
तुझा,
भोपळ्या

११ ऑगस्ट

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

गोड वाटेल असं काही लिहायला बसले होते. कागद फाडून टाकला.

नाव नाही काढलं. तुला बोलावू का, असं मी विचारलं होतं. हो म्हणाले नाहीत, नकोही म्हणाले नाहीत.

आदल्या दुपारी पाऊस नुसता कोसळत होता. अंथरुणातून त्यांनी मला हुकूम सोडला, की खालची घरं बघून ये. गेले. कापलेल्या जागेतून पाणी सरळ ओढ्याला लागलं होतं. बालवाडीत पोरं बेंबीच्या देठापासून गात होती, पडवीत त्यांच्या चपला कोरड्या ठणठणीत. परत येऊन सांगितलं. चपला कोरड्या होत्या ना, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. मग खिडकी लावायला सांगून कुशीवर वळले. सकाळी उठलेच नाहीत.

त्यातून तुला काय घ्यायचं ते घे. त्याहून जास्त माझ्याकडेही काही नाही रे.

आता या घरात तुला ये म्हणणारी मी आहे, आणि नको म्हणणारं कोणी उरलं नाही.

ये.
तुझी ताई