रंभाजीचं जाळं आणि उन्हातलं मडकं

हे लिहायचं मी होळीपासून टाळत होतो. तरण्या माणसानं असलं लिहिलं की आयुष्य घटतं, असं मावशी म्हणते. पण उद्यापासून दुष्काळी कामावर विहिरीत सुरुंग लावायला जायचं आहे. म्हणून मी, गोरक्ष सहादू शेलार, वय चोवीस, मुक्काम सध्या बेलापूर, पुरत्या शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवतो की माझ्यामागे असे व्हावे.

सायकल छगन चहावाल्यास. तिची चेन शिर्डीच्या वाटेवर तुटली तेव्हा एका फुलवालीनं मला... ते राहू दे. घोंगडी मावशी आक्काबाईस.

तीन मडकी रंभाजी भोई यास. कारण सांगणे भाग आहे. प्रवरेच्या डोहात माशांची पिल्लं मेली, तेव्हा रंभाजीनं विष कालवलं असं ठरवून पंचांनी त्याचं जाळं बंद केलं. पंचांचे म्होरके आबासाहेब यांनी पाणी पारखलं ते आपल्या रीतीनं: डोहाच्या पाण्यात मासा सोडून मडकं माजघराच्या अंधारात, मांजर-कावळ्यापासून लांब. मासा जगला. म्हणजे, त्यांच्या मते, पाणी चांगलं, माणूस वाईट.

मी तेच पाणी एका मडक्यात सावलीला ठेवलं, दुसऱ्यात उन्हात, आणि दोन्हींत पिल्लं सोडली. सावलीतली पिल्लं जगली. उन्हातली, काचेसारखी आरपार दिसणारी, दुपारपर्यंत उलटी होऊन मेली. तिसऱ्यात विहिरीचं पाणी, तेही उन्हातच. त्यातली मजेत होती. म्हणजे एकट्या उन्हाचा दोष नाही. आबासाहेबांच्या गॅरेजातलं जळकं ऑइल ओढ्यानं डोहात उतरतं. सावलीत ते माशाच्या अंगात गप्प बसतं, ऊन लागलं की मारतं. यंदा डोह गुडघाभर राहिलाय, ऊन तळाला पोचतं. असं का होतं ते शिकलेल्यांनी सांगावं; मी सातवीतून पळालो.

आबासाहेबांस काही नाही. मडकी दाखवायला गेलो तर म्हणाले, "फिरस्त्याचं काय ऐकायचं?"

मी परतलो नाही तर पंचांनी ही मडकी भर चावडीपुढं उन्हात मांडावीत आणि रंभाजीचं जाळं सोडावं. एवढी एकच इच्छा खरी. बाकी सामान आहे.

साक्षीदार पहिला: छगन रामभाऊ गायके, चहावाला (सही). साक्षीसाठी त्यानं सायकल सोडली; तीही मावशीस.

साक्षीदार दुसरा: रंभाजीची साक्ष नको, त्याला द्यायचंय, असं छगन म्हणतो. बाकीचे आबासाहेबांच्या शब्दातले. सकाळपासून जो येतो तो चष्मा घरी विसरलेला.

बेलापूर, २ एप्रिल १९७३. गोरक्ष शेलार (सही).

ता. क. आत्ता केशरबाई आल्यात, खुद्द आबासाहेबांच्या मंडळी. घाईत, पदर तोंडाशी. म्हणतात, "म्या बी परसात डोहाच्या पाण्याचं मडकं उनात ठिवून पाह्यलं. मासा मेला. अंगठा कुठं लावू?"