कातडीतला डिंक

जव्हार
९ जुलै २००६

चि. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बूथवरून फोन करत नाही, कारण बूथवाला मधु कान टवकारून बसतो आणि मी घरी पोचायच्या आत डेपोपर्यंत बातमी गेलेली असते. म्हणून पत्र. अक्षर वाईट आहे, समजून घे. जामसरच्या शाळेत दुसरे गुरुजी रजेवर आहेत, सगळे वर्ग माझ्याच गळ्यात. घरी यावं तर तुझ्या हर्षदावहिनीची पाठ.

तिचे फोड पुन्हा उठलेत. बोटाने जरा ढकललं तर कातडी सरकते. तोंडातही आहेत, भाकरी गिळवत नाही, पेजेवर आहे.

मागच्या पत्रात तू लिहिलंस की कातडीच्या पेशी एका डिंकाने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि वहिनीचं रक्तच तो डिंक सोडवतं. ते मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, एवढंच ना, मग आधी का नाही सांगितलं पोरीने. दुसऱ्या दिवशी तिने धावड्याचा डिंक आणवला, तुपात तळून लाडू केले आणि उरलेला भिजवून हिच्या पाठीला लावला. पोलकं पाठीला चिकटलं. ते काढताना काय झालं, हे लिहीत नाही.

त्याहून वाईट म्हणजे हिने मुंबईच्या गोळ्या बंद केल्यात. गोळ्यांनी तोंड सुजतं, आरशात दुसरीच बाई दिसते, म्हणते. डिंक कमी आहे तर डिंक खाईन. माझं ऐकत नाही. तू शिकलेली, तुझं ऐकेल. शास्त्र जरा बेताने लिही. तुझ्या एका शब्दाने आमच्याकडे काय झालं ते पाहिलंसच.

इथे सगळे तुझी आठवण काढतात, रागावून का होईना.
तुझा,
गोकुळदादा


मुंबई
१३ जुलै २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे वाचून झालं की चप्पल घाल आणि वहिनीला सरकारी दवाखान्यात ने. या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात, जिवावर बेतू शकतं. त्या कमी करायच्या तर डॉक्टरच हळूहळू कमी करतात. आईला सांग, लाडू तू खा.

डिंक हा शब्द मी सोपा म्हणून वापरला, पण तो चुकीचा होता. वांगणीला वहिनीच्या माहेरी जाताना आपण भरलेला ओढा हाताला हात धरून ओलांडला होता, ते आठव. पुढच्याचा पाय घसरला की डोळ्यांना दिसायच्या आधी तुझ्या पंजाला कळायचं. हात धरून ठेवत होता आणि निरोपही देत होता. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी प्रथिनं तशीच आहेत. त्यांचं एक टोक बाहेर शेजारणीला धरतं, दुसरं आत पेशीला सांगत असतं की सगळं ठीक आहे, आहेस तशी राहा.

वहिनीच्या रक्तातली प्रतिद्रव्यं, म्हणजे एरवी रोगाशी लढणारी द्रव्यं, चुकून या हातांवर येऊन बसतात. त्यांनीच हात सुटतात, असं आधी वाटायचं. आता दिसतंय की ती बसली की पेशीच्या आत चुकीचा निरोप जातो आणि पेशी आपण होऊन हात मागे ओढते. दोन्ही होत असावं.

वहिनीने सही करून दिलेलं रक्त आमच्या प्रयोगशाळेत आहे. त्यातल्या लाल पेशी काढून उरलेलं पाणी मी ताटलीतल्या कातडीच्या पेशींवर घातलं, तर त्या एकमेकींपासून सुटल्या. मग आतला निरोप अडवणारं एक रसायन आधी घालून तेच पुन्हा केलं. प्रतिद्रव्यं हातांवर तशीच बसलेली होती, तरी बऱ्याच पेशी सुटल्या नाहीत. मी खूप वेळ बघत राहिले. पण दादा, ही ताटली आहे. माणसाला देण्याजोगं औषध यातून होईल का, आणि कधी, कुणी सांगू शकत नाही. हा भाग वाचून दाखवू नकोस.

मीही थकलेय रे. पण तुमच्या पत्राची वाट बघायला थकत नाही.
तुझी,
प्रतिभा


जव्हार
२१ जुलै २००६

प्रिय प्रतिभास,
तुझ्या वहिनीचा नमस्कार. वि. वि.

तुझ्या भावाने पत्र वाचून दाखवलं आणि मध्येच खोकला काढून थांबला. मी सातवी पास आहे, हे त्याला आठवत नाही. तो शाळेत गेल्यावर राहिलेलं मी वाचलं.

दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीण बाईंनी मला झाडलं, तुझ्या भावाला माझ्याहून जास्त. मुंबईच्या डॉक्टरांना फोन करून गोळ्या परत सुरू केल्या. आई रुसल्यात. डिंकाला नावं ठेवली म्हणून नव्हे, लाडू कुणी संपवत नाही म्हणून.

पेशी आपण होऊन हात ओढून घेते, हे तू लिहिलंस ते मला लगेच कळलं. शेजारची गौरा पूर्वी माझी वेणी घालायची. फोड आल्यापासून ती ओट्याखालूनच बोलते. तिने मला जा म्हटलं नाही कधी. मीच तिच्या दारात जायची बंद झाले. मग पाण्यावरही जायची बंद झाले.

आता एकच विचारते. ते निरोप अडवणारं औषध मला मिळेल का? दादाला लिहितेस तसं वळणावळणाने लिहू नकोस. मिळणार असेल तर ही सूज तेवढे दिवस सोसेन. नसेल तर तसं सांग, मग मी या तोंडाशीच जमवून घेते. अर्धं अर्धं झुरायला अंगात बळ नाही राहिलं.

जेवत जा. तुझ्या वाटची माया इथे झाकून ठेवली आहे.
तुझी,
हर्षदावहिनी


मुंबई
२६ जुलै २००६

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

नाही. तुझ्या उपयोगी पडेल इतक्या लवकर ते औषध होणार नाही. तू सरळ विचारलंस, म्हणून सरळ लिहिलं. लिहायला मात्र दोन कागद फाडावे लागले.

आपल्या हातात याच गोळ्या आहेत. फोड आटोक्यात आले की डॉक्टर त्या कमी करत आणतील, जोडीला दुसरं औषध देतील. तोंड बरंच उतरेल. अगदी पहिल्यासारखं होईल, असं मी लिहीत नाही.

हा रोग शिवल्याने होत नाही. गौराला मी येऊन सांगेन, पण तिच्या दारात तू चल माझ्यासोबत.

शनिवारच्या गाडीने येते. पाठीला औषध मी लावीन. इतके महिने तुझं रक्त हातमोजे घालूनच हाताळलं, तिथे तो नियमच आहे. घरी साबणाने हात धुईन आणि तसेच लावीन. दुखलं तर शिवी दे, हात काढणार नाही.

तुझीच,
प्रतिभा