बोडिलच्या पेशींचा वाढदिवस

ओडेन्स, रविवार

वडीलधाऱ्या तोवेताईंना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे आयनारचा, गुडघे साथ देतील तितकं वाकून नमस्कार.

पोट कसं आहे? कोंबड्या अंडी देतायत ना? तुमच्या पोटातल्या त्या गाठीच्या नमुन्याबद्दल आणि औषधाबद्दल मी या पत्रात चकार शब्द काढणार नाही. "बोडिलला कुठं लागू पडलं ते विष, म्हणून मी घेऊ? मला बेटावर सुखानं मरू दे!" असं म्हणून तुम्ही फोन आदळलात. विषय संपला.

परवा शुक्रवारी आमच्या बोडिलचा वाढदिवस होता. नेहमीसारखा सायीच्या थरांचा केक केला (म्हणजे बेकरीतून आणला, तुमच्यापासून काय लपवायचं), वर कागदी झेंडे खोचले, आणि वाटलं, एकट्याच्या घशाखाली उतरायचा नाही. बोडिल जिथं अजून थोडी शिल्लक आहे तिथंच जावं. तिच्या अंडाशयातल्या गाठीच्या पेशी प्रयोगशाळेत अजून वाढतायत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथल्या डॉक्टर सिग्नेनं दारातच अडवलं, "आजोबा, केक आत चालणार नाही हं." मी तो शेजारच्या स्टीलच्या गाडीवर ठेवला. (ती गाडी भांडी वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात जाते, हे मला कोण सांगणार?)

आत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, टोपी काढली आणि बोडिलला शुभेच्छा दिल्या. सिग्ने म्हणाली, "महाखट आहेत हो या! औषध आत शिरलं रे शिरलं, की उचलून बाहेर फेकतात. त्यासाठी पेशीच्या अंगावर एक खास प्रथिन असतं, तीच यांची खूण." ताई, मला हसूही आवरेना आणि रडूही. अहो, ही तर आपलीच बोडिल! झाडू-यंत्र विकायला आलेल्याला तिनं यंत्रासकट अंगणात काढलं होतं, आठवतं? मी मागणी घालायला आलो, तर मलाही पुढच्या दारातून फुलांसकट तसंच. मी कुंपणापाशी सायकल धरून रडत उभा, आणि तुम्ही पिठाच्या हातांनी बाहेर येऊन म्हणालात, "रडतोस काय, बावळटा? उद्या स्वयंपाकघराच्या दारानं ये. ती बटाटे सोलत असते, हात गुंतलेले असतात." काय दिवस होते ते! त्या दारातल्या कॉफीचा वास अजून नाकात आहे.

हे सिग्नेला सांगितलं, तर ती गंभीर झाली. "मी तेच दार शोधतेय, आजोबा. खूण आधी दिसली, तर पुढच्या दारावर महिने वाया घालवायचे नाहीत, दुसरं औषध धरायचं. बोडिलच्या वेळी आम्हाला हे कळलं नाही." तेवढ्यात वाफेचं यंत्र उघडलं. केकची लापशी झाली होती, झेंड्यांच्या काड्या तेवढ्या ताठ. इतका निर्जंतुक केक डेन्मार्कात कुणी पाहिला नसेल, पण खायला एकजण पुढे येईना!

असो. इकडे हवा बरी आहे.

तुमचा,
आयनार

ता. क. पत्रात चकार शब्द काढणार नाही म्हणालो, तो शब्द पाळला. ताजा कलम म्हणजे काही पत्र नव्हे. गुरुवारी सकाळच्या बोटीनं या आणि सिग्नेला नमुना द्या. तुमच्यातही तीच खूण आहे का, एवढं ती बघेल. हमी देत नाही, हे तिनं स्पष्टच सांगितलंय. पण बोडिल गेली, आता तुम्हीही गेलात, तर त्या पिठाच्या हातांची आठवण मी कुणापाशी काढू? मला भीती वाटते, ताई.

ता. क. दुसरा. नाही आलात, तर शुक्रवारी मी येतो. पुढचं दार खुशाल लावून घ्या.