मागची तारीख

मंगळवार, ३ मार्च

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार, आणि या वेळी जरा जास्तच वाकून, कारण मागचं पत्र लिहून चार महिने होऊन गेलेत. कानाचं यंत्र अजून कपाटातच आहे असं आई सांगत होती. ते शिट्टी मारतं म्हणून तुम्ही घालत नाही म्हणे. अहो बाबा, नीट बसवलं नाही की ते शिट्टी मारतं. एकदा दुकानात जाऊन बसवून घ्या. तुम्हाला फोनवर ऐकू आलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण खरं सांगू का, हे मला तोंडाने सांगताच आलं नसतं.

माझं ठीक चाललंय. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर हलवलं. जिने चढून गुडघे कुरकुरतात, पण उजेड छान आहे. तुम्ही दर वेळी विचारता, "तू नेमकी कुणाची वकील?" मी मालकांची, बाबा. कुणाला कामावरून काढायचं असेल तर कसं काढावं म्हणजे पुढे अंगाशी येणार नाही, ते सांगणारी. रोज सकाळी कुणाचा तरी फोन येतो आणि मी एकच विचारते, "लेखी काय आहे?" ऑफिसातल्या मुलींनी माझं नाव 'लेखीबाई' पाडलंय. मला ते माहीत नाही असं त्यांना वाटतं.

एका प्रकरणात तुमचा सल्ला हवा होता. पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना आहे. तिथला एक फिटर, सतरा वर्षं जुना. प्रेसवर हात जाऊ नये म्हणून जी जाळी असते ती कंपनीने काढून ठेवली, कारण जाळी नसली की काम भरभर होतं. फिटरने जानेवारीत कारखाना निरीक्षकाकडे तक्रार केली. कंपनीला तो नकोसा झाला. व्यवस्थापक इतके गोड बोलतात की मी मनात त्यांना साखरसाहेब म्हणते. ते म्हणाले, "मॅडम, माणूस आधीपासूनच उद्धट आहे हो. तक्रारीचा काही संबंध नाही."

मी विचारलं, लेखी काय आहे. पंधरा दिवसांनी तीन पत्रं आली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तिन्ही ताकीद, तिन्ही तक्रारीच्या आधीची. आणि प्रत्येकाच्या तळाशी शेरा, 'घेण्यास नकार दिला', खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. एक पहारेकऱ्यांचा प्रमुख, दुसरी स्वागतकक्षातली बाई. माणूस पत्र घ्यायला तयार नसला की शेरा मारून दोन सह्या घ्यायच्या, ही पद्धत मी तुम्हाला सांगायला नको. त्या पत्रांच्या जोरावर फेब्रुवारीत त्याला काढलं आणि तो कोर्टात गेला.

ती बाई काल माझ्याकडे आली होती, साक्षीची तयारी करायला. तिचं प्रतिज्ञापत्र मी लिहून ठेवलं होतं. तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि नोव्हेंबरच्या तारखेपाशी थांबली. "मॅडम, अठरा तारखेला मी कामावर नव्हते. माझ्या मुलीचा हात मोडला होता. दिवसभर दवाखान्यात होते मी."

मी म्हटलं, "नीट आठवून बघा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता तर असेन कामावर."

बाबा, तेव्हापासून मला झोप नाही. अन्नावर वासना नाही. फोन वाजला की आधी नंबर बघते. फिटरची वकील तरुण आहे, चिवट आहे. तिने एकदा कारखान्याच्या अंगठ्याच्या यंत्रातली हजेरी मागवली की संपलं. फिटर तिन्ही दिवशी हजर होता हे आमच्या बाजूने पाहिलं होतं. साक्षीदार हजर होती का हे कुणीच पाहिलं नाही. तुम्ही त्यांच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला असता तर एका नजरेत पकडलं असतं.

'आमच्या बाजूने' असं लिहिलंय मी वर. ते वाचून तुम्ही चष्मा पुसाल, म्हणून सांगूनच टाकते. मीच पाहिलं. साखरसाहेब माझ्यासमोर बसले होते आणि म्हणाले होते, "पत्रं दिली होती हो मॅडम, फक्त सापडत नाहीत. कधीची असतील बरं?" मी म्हटलं, असलं काही मी सांगू शकत नाही. मग फिटरच्या हजेरीचा तक्ता पुढे ओढला, पिवळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने तीन तारखा लिहिल्या आणि टेबलावरून सरकवली. तोंडातून एक शब्द काढला नाही. त्या वेळी मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. परवा ते फोनवर म्हणाले, "तुमची चिठ्ठी मी जपून ठेवलीय हं, मॅडम." नेहमीच्याच गोड आवाजात.

प्रतिज्ञापत्र शुक्रवारी, सहा तारखेला दाखल करायचं आहे. म्हणजे अजून तीन दिवस हातात आहेत. माझी सनद जाईल, बाबा. बावीस वर्षांचं काम जाईल.

आता जे विचारायचं ते विचारते. मी पाचवीत होते. समोरच्या घरातले काका, ज्यांनी मला सायकल शिकवली, त्यांना तुमच्याच कारखान्यातून काढलं. एका संध्याकाळी ते आपल्या दारात उभे राहिले आणि तुम्हाला म्हणाले, "मी कधी नाकारलं रे ते पत्र?" तुम्ही खाली पाहून चष्मा पुसत राहिलात. आईने मला आत नेलं. महिन्याभरात त्यांचं घर रिकामं झालं. तेव्हा मला काही कळलं नव्हतं. वकिलीच्या पहिल्या वर्षी तसला शेरा पहिल्यांदा हातात आला आणि कळलं. तेव्हापासून मी विचारलं नाही.

तुम्ही सही केली होती ना? केली असेल, तर त्यानंतर तुम्ही कसे राहिलात ते मला सांगा. आणि मी काय करू तेही. तुम्ही कर म्हणालात तर मी करीन.

आईला यातलं काही सांगू नका.

तुमची,
लेक

•

रविवार, १५ मार्च

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल, चौदा तारखेला, दुपारी सव्वातीनला मिळालं. आई झोपली होती. मी गॅलरीत बसून दोनदा वाचलं.

आधी एक गोष्ट. पत्रावर तू तीन तारीख घातली आहेस. पाकिटावर तुमच्या पोस्टाचा शिक्का अकराचा आहे. तुमच्याकडून इकडे यायला तीन दिवस लागतात, ते बरोबर जुळतं. म्हणजे आठ दिवस पत्र तुझ्या पर्समध्ये पडून होतं, किंवा तू तारीख मागची टाकलीस. एकोणतीस वर्षं मी लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. माझी नजर आधी तिथेच जाते, त्याला माझा इलाज नाही. पर्समध्ये राहिलं असेल तर मी काही बोललो नाही असं समज.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. मी सही केली. काकाने पत्र नाकारलं नव्हतं. त्याला ते कुणी दिलंच नव्हतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, कागद पुढे केला आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी घाबरलो होतो. मला काढलं तर तुझी शाळा सुटेल, एवढंच डोक्यात होतं. हे कारण म्हणून सांगतो आहे, सबब म्हणून नाही.

कसा राहिलो विचारतेस. भीत राहिलो. पहिली काही वर्षं दारावर थाप पडली की वाटायचं, विचारायला आले. कोर्टात प्रकरण उभं राहिलं तर मी खरं सांगीन, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. काकाकडे वकिलाला द्यायला काही नव्हतं, प्रकरण उभंच राहिलं नाही. मला कुणीही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. पहिल्यांदा विचारलंस ते तू.

काय कर, ते मी सांगणार नाही. तुला माझ्याकडून 'कर' असं लेखी हवं आहे, असं मला वाटलं. ते मी देणार नाही. पण त्या स्वागतकक्षातल्या बाईचा विचार डोक्यातून जात नाही. ती तुझ्याकडे पाहून 'असेन' म्हणाली. मी साहेबांकडे पाहून तसंच म्हणालो होतो.

उन्हाचं पायी फिरू नकोस. कानाचं यंत्र उद्या बसवून घेतो.

तुझा,
बाबा

•

शुक्रवार, २० मार्च, सकाळचे अकरा

प्रिय बाबा,

या वेळी मायना वगैरे राहू दे. शिक्का तुम्ही पाहिलात हे वाचलं आणि मी ऑफिसात दार लावून बसले. मुलींना वाटलं, लेखीबाईंचं डोकं दुखतंय.

पत्र पर्समध्ये नव्हतं. ते मी दहा तारखेला लिहिलं आणि वर तीन टाकली. प्रतिज्ञापत्र तोवर दाखल झालं होतं. सहा तारखेला मीच तिला घेऊन गेले, शपथ माझ्यासमोर झाली, सही कुठे करायची ते बोट ठेवून मीच दाखवलं. बाई काल आली होती असं जे लिहिलं, तेही आठ दिवसांपूर्वीचं. मला वाटलं, तुम्ही 'कर' म्हणाल आणि तारखेच्या हिशेबाने माझं विचारणं आधीचं ठरेल. म्हणजे मी वडिलांना विचारून केलं, असं माझ्यापाशी लेखी राहील. कुणाला दाखवायचं होतं ते? कुणालाच नाही. मलाच. आपल्या बापाला लिहिलेल्या पत्रावर मागची तारीख टाकताना माझा हात अडखळलासुद्धा नाही, बाबा, आणि मला सगळ्यात जास्त भीती आता त्याचीच वाटते. साखरसाहेबांची त्याच्या खालोखाल.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं आणि त्याच संध्याकाळी त्या बाईच्या घरी गेले. बोलावलं असतं तर ती मॅडमकडे आली असती, म्हणून मीच गेले. दोन खोल्या, दाराशी चपला ओळीत लावलेल्या. मुलगी टेबलाशी चित्र काढत होती. प्लास्टर निघालंय, पण हात अजून सरळ होत नाही. मी त्या बाईला म्हटलं, अठराला तुम्ही दवाखान्यातच होता. ती एकदम उठली आणि डब्यातून दवाखान्याची पावती काढून आणली. तारीख, वेळ, सगळं होतं. म्हणाली, "मी ही फाडणार होते. मग म्हटलं, फाडली तर मलाच खरं वाटायला लागेल की मी कामावर होते." मग हळूच विचारलं, "आता मला तुरुंगात टाकतील का हो?"

मी तिला सांगितलं की ते कागद मी लिहिले आणि तसंच मी कोर्टात सांगेन. तुमच्यावर काही येणार नाही, असं मात्र म्हणाले नाही, कारण ते मला माहीत नाही. तिला स्वतःचा वेगळा वकील हवा. तिला दोन चांगली नावं दिली. नोकरी टिकेल का, असं तिने विचारलं नाही. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा पावती तिच्या हातातच होती.

गुरुवारी साखरसाहेबांकडे गेले. लेखी सल्ला घेऊन गेले होते, अर्ध्या पानाचा. तिन्ही पत्रं मागाहून तयार केलेली आहेत, ती आणि साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं मागे घ्यावीत, फिटरला कामावर घ्यावं, आणि प्रेसची जाळी आजच्या आज बसवावी. त्यांनी ते शांतपणे वाचलं. पाणी मागवलं माझ्यासाठी. मग पाकिटातून पिवळी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "मॅडम, आपण दोघं एकाच होडीत आहोत. आधी तुम्ही बुडाल." चिठ्ठीची घडी घालून परत पाकिटात ठेवली.

मी जिन्यात येऊन बसले. खालून प्रेसचा आवाज येत होता, ठक, ठक, एका लयीत. जाळी नसली की तो असाच भरभर येतो. तिथे हात घालणाऱ्या माणसांच्या हजेरीचा तक्ता माझ्या ऑफिसात आहे आणि त्यातलं एकच नाव मी आजवर वाचलं होतं.

सोमवारी, तेवीस तारखेला, उलटतपासणी आहे. त्या बाईला पिंजऱ्यात जायची वेळ येऊ देणार नाही. पुकारा झाला की मी उभी राहीन आणि न्यायाधीशांना सांगेन की ही पत्रं खोटी आहेत आणि तारखा माझ्या आहेत. नंतर वकीलपत्र सोडेन. त्याच्या पुढचं मला दिसत नाही. सनद बहुतेक जाईल, कदाचित आणखीही काही. सोमवारी सकाळी ताप यावा असं वाटतं. काल तर खरंच कपाळाला हात लावून पाहिला, शाळेत असताना पाहायची तसा. मी शूर वगैरे झालेले नाही, बाबा. कोर्टाच्या पायऱ्यांवरून परत फिरेन की काय, याची धास्ती आहे, म्हणून हे आधी तुम्हाला लिहून ठेवते आहे. यात आता पळवाट नाही.

काकांबद्दल मी तुम्हाला कधीच विचारलं नाही, याचंही मला वाईट वाटतं. मी विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. मला उत्तराची भीती होती.

हे पत्र आत्ता स्वतः पोस्टात नेऊन टाकते आहे. शिक्का आजचाच पडेल, बघा. सोमवारी तुमच्या हातात येईल, साधारण मी उभी राहीन त्याच सुमाराला. मिळालं की वरच्या कोपऱ्यात मिळाल्याची तारीख आणि वेळ घाला, टाइम ऑफिसात घालायचात तशी. आणि माझ्या नावापुढे खूण करा.

घाबरलेली, पण हजर,
तुमची लेक