तीन एकतीसचा मेसेज

नांदेड,
शनिवार, १८ एप्रिल

प्रिय शिवांगी,

तू नंबर बदललास आणि नवा नंबर तुझ्या आरतीवहिनींनी मला दिला नाही, म्हणून टपालानं लिहिते आहे. त्या दिवसाला साडेसहा महिने झाले. तू जळकोटला पोरांच्या शिकवण्या घेतेस, कॉम्प्युटरला हात लावत नाहीस, एवढंच कळलंय. इकडे ऊन नेहमीसारखंच. बाबा रिटायर झाले. रेल्वेचं क्वार्टर सोडून मुदखेडमध्येच भाड्याच्या घरात राहतात आणि अजून गाडीची शिट्टी ऐकली की घड्याळ बघतात. आपलं हवामानाचं केंद्र मात्र वाढलंय. चौसष्ट नोडची मशीनं होती, आता एकशे अठ्ठावीस आहेत. नवा हॉल, नवे स्विच, नव्या केबली. सोमवारपासून वीज पडण्याचे इशारे तीन जिल्ह्यांत जाणार. केंद्रप्रमुख म्हणून भुजंगराव सरांचा फोटो पेपरात येऊन गेला, तू पाहिला असशील.

मी तुमच्या घरी पहिल्यांदा आले ती बसवजयंतीला. तुझ्या आईनं, अव्वांनी, मला चुलीपाशी बसवून गव्हाची गोड हुग्गी वाढली आणि विचारलं, "तुमी पोरी दिसभर करता तरी काय गं तिथं?" तू त्यांना किती छान सांगितलंस! आभाळाचे चौसष्ट तुकडे केलेत, एकेक तुकडा एकेका मशीनला दिलाय. प्रत्येक मशीन आपल्या तुकड्यातले ढग मोजतं आणि शेजाऱ्याला विचारतं, तुझ्याकडून माझ्याकडं काय येतंय? शेजाऱ्यानं सांगितल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नाही. पंगतीसारखं, एकाचं जेवण राहिलं की बाकीचे पानावर बसून. मग अव्वा माझ्याकडे वळल्या, "आन् तू?" मी म्हटलं, मी वाढपी. याचं त्याच्याकडं वेळेत पोचतं का, तेवढं बघते. त्या हसल्या. "मंग तुझंच काम मोठं." आणि जेवण झाल्यावर त्यांनी तुला विचारलं, "म्हंजे मशीन बोललं न्हाई तर भ्याचं काम न्हाई, हाव ना?" तू हो म्हणालीस. मीही मान हलवली.

तीन ऑक्टोबरचं तुला मी काय सांगणार? तरी आरतीवहिनींनी मला जे सांगितलं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. सोयाबीन काढून गंजी लावणं चालू होतं. अडीचच्या सुमाराला उदगीरकडून काळं आलं. वहिनी म्हणाल्या, अव्वा, चला घरी. अव्वांनी फोन बघितला. काही आलं नव्हतं. "शिवांगीचा मेसेज आल्याबिगर काय व्हत न्हाई, ताडपत्री टाकू आन् मंग जाऊ," म्हणाल्या, फोन बांधावर भाकरीच्या गठुड्यात ठेवला आणि परत गंजीकडे गेल्या. वहिनी ताडपत्रीची दोरी आणायला बांधाकडे आल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. वीज तीन वाजून बारा मिनिटांनी पडली. लोकांनी अव्वांना उचलून बांधावर आणलं, कुणी तोंडावर पाणी मारत होतं, तेव्हा गठुड्यात फोन वाजला. तीन एकतीस. तुमच्या परिसरात वीज पडण्याची शक्यता, सुरक्षित ठिकाणी थांबा.

दुसऱ्या दिवशी तुमच्या वावरात माती दिली तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते. तू रडत नव्हतीस. मला हळूच म्हणालीस, "माया, अडीचचा हिशोब दोन पन्नासला संपायला पाहिजे होता. चाळीस मिनिटं कुठं गेली?" मी तुझा हात धरला. उत्तर मला तेव्हाच माहीत होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस तू ती चाळीस मिनिटं शोधत होतीस. तेवीस सप्टेंबरला तू प्रोग्राममध्ये बदल केला होतास, जळकोट आणि उदगीर तालुक्यांचं आभाळ जास्त बारीक मोजायचं म्हणून. तुझ्या स्वतःच्या गावासाठी केलेला बदल. आणि चोवीसपासून हिशोबाला पाच-सहा मिनिटं जास्त लागत होती. तुला दोन्हीचा मेळ लागला. तू एकेक ओळ वाचायचीस, मी शेजारी बसून चहा आणून द्यायची. एका दुपारी तू स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालीस, "मीच मारलं गं अव्वाला." मी म्हटलं, असं बोलू नको. एवढंच म्हटलं, शिवांगी. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी होतं आणि मी ते गिळलं. तू राजीनामा दिलास त्या दिवशी तुझं सामान मीच बसस्टँडवर पोचवलं.

आता ते वाक्य. चोवीस सप्टेंबरला सकाळी सतराव्या नोडच्या केबलवर चुका वाढताना मला दिसल्या. तुला माहीतच आहे, त्या केबलीत चार वाटा असतात. त्यातली एक बंद पडली होती आणि सगळी वाहतूक उरलेल्या तीन वाटांवरून चालली होती. पुरी तुटली असती तर अख्खी यंत्रणा ओरडली असती, आपण दुसरीकडून रस्ता काढला असता. पण ती तुटली नाही, नुसती मंदावली, आणि तिच्यापायी बाकीचे त्रेसष्ट वाट बघत बसायला लागले. मी सरांकडे गेले. अर्धा तास यंत्रणा थांबवून केबल बदलू द्या म्हटलं. दिल्लीचे पाहुणे सहा ऑक्टोबरला येणार होते. सर म्हणाले, "त्यांच्यासमोर महिनाभराची सलग नोंद दाखवायची आहे. सहा तारखेनंतर काय करायचं ते करा. आणि तो स्क्रीनवरचा लाल दिवा तेवढा घालवा." मी तो घालवला. कितव्या चुकीला इशारा द्यायचा, तो आकडा मी शंभरावरून दहा लाखांवर नेला. दोन मिनिटांचं काम. स्क्रीन हिरवा झाला. सरांनी जबरदस्ती केली नव्हती. मी भांडले असते तर त्यांनी ऐकलंही असतं कदाचित. माझी नोकरी कायम व्हायची होती, त्याची फाईल त्यांच्या टेबलावर होती. मी भांडले नाही.

तीन ऑक्टोबरच्या दुपारी आणखी दोन वाटा गेल्या. आभाळात खरोखरचे ढग होते, मोजायचं काम भरपूर होतं, आणि सगळं एका वाटेवरून चाललं होतं. तुझा फोन वाजला तेव्हा मी तुझ्या समोरच्या टेबलावर होते. तुला गाडीत बसवून मी हॉलमध्ये परत गेले आणि कुणाला न विचारता केबल बदलली. बारा मिनिटं लागली, शिवांगी. पुढचा हिशोब एकोणीस मिनिटांत संपला, तुझ्या त्याच प्रोग्रामवर, तोच बारीक बदल असताना. तुझ्या कामात काहीही चुकलेलं नव्हतं.

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. रोज उद्या सांगू म्हणत राहिले. तू गेल्यावर वाटलं, आता सांगून काय उपयोग. फाईल डिसेंबरात मंजूर झाली. त्या दिवशी बाबांनी पेढे वाटले, माझ्या वाट्याचा मी तसाच डब्यात परत ठेवला.

आठ दिवसांपूर्वी नव्या नोडची जोडणी तपासत होते. स्क्रीन सगळा हिरवा. मला सवयीनं वाटलं, एकदा मूळ आकडे बघू. एकशे अठ्ठावीसमधल्या सात केबली एका वाटेवर चालल्या आहेत. सात! आणि इशारा एकाचाही नाही, कारण इशाऱ्याचा तो दहा लाखांचा आकडा नव्या यंत्रणेत जसाच्या तसा उचललाय, प्रमाणित म्हणून. त्या आकड्यांच्या फाईलवर वरच्या ओळीत माझं नाव आहे. मी सरांना सांगितलं, लेखी दिलं. ते म्हणाले, उद्घाटन होऊ द्या. दुसऱ्या दिवशी माझा पासवर्ड चालेना. आता मी हॉलच्या काचेबाहेरून बघते. परवा ओळख न सांगणारी दोन माणसं मुदखेडला बाबांकडे येऊन गेली. चहा घेतला, गोड बोलली. जाताना म्हणाली, "पोरगी हुशार हाय, तिला समजावून सांगा. नोकरी लई मुश्किलीनं मिळती." बाबांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "तू काय केलंस, माये?" मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईच्या घरी आधी सांग."

म्हणून हे पत्र. तीन ऑक्टोबरच्या चौकशीचा अहवाल तयार झालाय. त्यात लिहिलंय, प्रोग्राममधील अनधिकृत बदलामुळे विलंब, आणि तुझं नाव. सोमवारी अकरा वाजता नेटवर्क प्रमुख म्हणून माझी सही हवी आहे, त्यानंतर बटण दाबायचं. मी सही करणार नाही. सोबतचे कागद म्हणजे पासवर्ड बंद होण्याआधी काढून ठेवलेल्या, चोवीस सप्टेंबर ते तीन ऑक्टोबर या दहा दिवसांच्या केबलीच्या नोंदी आहेत, मी आकडा बदलल्याची वेळ आणि आत्ताच्या सातही केबलींसकट. दरेक पानावर माझी सही आहे. एक प्रत मी कलेक्टर ऑफिसला देऊन पोच घेतली आहे, ही दुसरी तुझी. तुझ्या मडिवाळप्पाकाकांना दाखव, वकिलाला दाखव, माझ्यावर तक्रार करायची असेल तर आधी माझ्यावर कर. मी नाकारणार नाही. पण सहीवाचूनही ते सोमवारी सुरू करतील, हे मला दिसतंय. आज दुपारीच पूर्वेला वळवाचे ढग चढले होते. हे पाकीट तुला मिळेल तेव्हा मेसेज यायला लागलेले असतील, आणि लोक त्यांच्यावर भरवसा ठेवून वावरात थांबलेले असतील. तुझा माझ्यावर विश्वास राहिला नसेल, तरी हा एवढा ठेव. गावात दवंडी द्या, देवळाच्या भोंग्यावरून सांगा. आरतीवहिनी हळद काढायला जात असतील तर आज त्यांना घरी बोलाव. आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
महामाया