आवाज हवा, वारा नको

१९ नोव्हेंबर, रविवार

ताई,

तुला नमस्कार, आईला नमस्कार, भाऊजी माझा घेत असतील तर त्यांनाही. मी बरा आहे, तुम्हीही असालच. झालं हे.

आता ऐक. आईच्या खोकल्याची किळस येऊन मी घरून दोन दिवसांत पळालो, असं तू फोनवर पुन्हा म्हणालीस. मी उत्तर देणार तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. इथे विमान आलं की सगळे तोंड मिटतात, गेलं की तुटल्या जागेवरून बोलणं पुढे. तसा मी गप्प बसलो, तर तू म्हणतेस, "बघ, खरं बोलले म्हणून वाचा बसली!" आणि फोन आपटलास. अशाने भांडण तरी धड होईल का? म्हणून लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, सांभाळून घे.

किळस मला येते, पण कशाकशाची ते तरी विचार. विमानतळाजवळच्या घरांना आम्ही दुहेरी काचा बसवतो, फटी रबराने बुजवतो. परवा एका बाईने आमच्या मिस्त्रीला, उस्तादला, परत बोलावलं. "काढा मेल्या त्या काचा."

"का हो? आवाज येतोय?"

"यांचा येतोय! जेवताना मचमच, मचमच. इतकी वर्षं विमानांनी झाकलं होतं."

आतून नवरा ओरडला, "आणि हिचं तोंड कोण झाकणार?"

उस्ताद दात काढत होता. त्याला काय, बसवायचे पैसे आणि काढायचेही. मी मात्र त्या दोघांकडे बघितलं आणि जेवणावरची वासनाच उडाली माझी.

माझी खोली धावपट्टीच्या शेवटाला, वर पत्रा. खिडकीत पेला ठेवला तर सकाळी पाण्यावर काळा तवंग. शेजारी तो बोटाने बाजूला सारून पितात. म्हणतात, "सवय होते रे." या सवयीचीच मला शिसारी आहे. घरमालकीण बाळाला मांडीवर घेऊन मिरवते, "आमचं किती शहाणं! एवढं विमान गेलं, पण दचकलं नाही." मी बाळाच्या मागे जाऊन जोरात टाळी वाजवली. मान वळली नाही, ताई. पापणीसुद्धा लवली नाही. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवा." तर मलाच म्हणाली, "भाड्याने राहतोस ना? मग भाड्यापुरतं बोल."

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. बाळाच्या कानांची काळजी तर आहेच. पण माझ्याही कानांची आहे.

तुला वाटतं मी आईवर खेकसलो. खेकसलो नाही गं, मला हळू बोलताच येत नाही आता. ती दचकली ते मी पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, तू भांडी आवरून पडलीस, आई भिंतीकडे तोंड करून झोपली. घर चिडीचूप. तेव्हा माझ्या कानात शिट्टी सुरू झाली. कुकरची असते तशी, पण उतरतच नाही. इथे ती असते की नाही तेच कळत नाही, विमानं तिला दाबून ठेवतात. तिथे काहीच नव्हतं. मी उशी दाबली, नळ सोडला, बादली भरून वाहिली. तू आतून ओरडलीस, "पाणी काय तुझ्या बापाचं आहे?" मग आईला खोकल्याची उबळ आली, तिने थुंकायचं भांडं जवळ ओढलं, आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. तेवढ्यापुरती शिट्टी बुडाली. आई खोकत राहावी असं माझ्या मनात आलं. पोटच्या पोराच्या मनात! मला माझीच इतकी घाण वाटली की तिचा खोकला थांबायच्या आत मी पिशवी उचलली. उस्तादने बोलावलंय म्हणालो. त्याने बोलावलं नव्हतं.

हे आईला सांगू नकोस. म्हणजे शेवटचं तेवढं सांगू नकोस. भांडं बघून पोरगा पळाला असं ती समजून बसलीय, तेवढं मात्र तिच्या डोक्यातून काढ. तिच्या भांड्याला हात लावायला मला कधी काही वाटलं नाही, पुढेही वाटणार नाही.

कान दाखवणार आहे. डॉक्टर काय सांगायचं ते सांगेल. पण पुढच्या महिन्यात मी येतोय आणि आठ दिवस राहणार आहे. त्याआधी एक काम कर. जुन्या बाजारातून टेबलफॅन आण. नवा नको, नवे मुके असतात. दुकानदाराला चालू करून दाखवायला सांग. ज्याची घरघर ऐकून तो स्वतःच लाजेल, तो घे. दुपारी माझ्या उशाशी लाव आणि तोंड भिंतीकडे कर, आईला वारा लागता कामा नये. भाऊजी हसतील, हसू देत.

तुझा,
बारक्या

घरखर्चाचे तीन हजार आणि फॅनचे सातशे, मिळून तीन हजार सातशे पाठवलेत.