कुंकवाचं पान

अण्णा, तुमची ती तीन भागांची कादंबरी सापडली. तिन्ही भाग, त्याच हिरव्या कापडी बांधणीत, आणि लेखिकेनं आपल्या बहिणीला स्वतःच्या हातानं चार ओळी लिहून दिलेलं पहिल्या भागातलं ते पान, सगळं जागच्या जागी. आधी बसून घ्या, कारण पुढचं ऐकून बसावंच लागेल. ती मला सापडली ती आईच्या कुंकवामुळं. होय, त्याच कुंकवामुळं, ज्याच्यापायी तुम्ही तिला परक्या माणसासमोर अडाणी म्हणालात. आई जिंकलीय अण्णा, आणि हे तुम्हांला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही.

तुम्हांला वाटेल, पोरीला काय आठवणार. मला सगळं आठवतं. परंड्याच्या सरकारी शाळेत तुम्ही इंग्रजी शिकवायचात. बाकीचे विषय उर्दूत, त्यामुळं शाळेत तुम्ही मास्तरसाब आणि घरी अण्णा. निजामाची नोकरी, पगार हाली शिक्क्यात, आणि शौक मात्र विलायती. सोलापुरात एखादा गोरा साहेब मायदेशी निघाला, त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, की तुमच्या कानावर ते कसं यायचं देव जाणे. हाली शिक्का मोडून इंग्रजी कलदार रुपये करायचे, कुर्डुवाडीला जाऊन गाडी धरायची, आणि लोक खुर्च्या-आरसे बघत असताना आपण कोपऱ्यातल्या पुस्तकांच्या ढिगात बसकण मारायची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्या, त्याही पहिल्या छपाईच्या, आणि त्यातही कुणीतरी कुणाला हातानं लिहून दिलेल्या. परतताना हद्दीवरच्या नाक्यावर शिपाई गाठोडं सोडायला लावी. "मास्तरसाब, इत्ते किताबां? दुकान डालते क्या?" "पढने के हैं, भाई." "सब के सब?" तुम्ही नुसते हसायचात, कारण सगळी वाचायला नव्हतीच ती. घरी आल्यावर मला जवळ बसवून ते हातानं लिहिलेलं पान उघडायचात. "पोरी, छापलेलं पुस्तक कुणाकडंही असतं. हे पान मात्र दुनियेत एकच. ह्या पानात पुस्तकाचा जीव असतो." चुलीपाशी बसलेली आईही ते ऐकत असायची.

आणि त्या जिवाची बडदास्त काय वर्णावी! हात धुऊन, पुसून, मगच पुस्तकाला शिवायचं. पान उलटायला बोट ओलं करायचं नाही. आईच्या जुन्या मऊ पातळाच्या तुकड्यात एकेक पुस्तक गुंडाळलेलं, पेटीत कडुनिंबाचा वाळका पाला. चुकून कुणी पेटी ओलांडली तर तुमचा आवाज माळवदापर्यंत चढायचा. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "देवघरात येवढं सोवळं न्हाय आपल्याकडं." तुम्हांला तो टोमणा वाटायचा. आता मला कळतं, ती ते मनापासून म्हणत होती.

मग ती खंडेनवमी आली. शाळेचे नवे हेडमास्तर हैदराबादचे, जुन्या पुस्तकांचे दर्दी, त्यांना ती कादंबरी दाखवायला तुम्ही घरी आणायला गेला होतात. इकडं आई विळी, मुसळ, कुऱ्हाड पुजतेय. सगळ्यांना हळद-कुंकू लावून झालं आणि ती मधेच थांबली. "आगं, तुझ्या अण्णाचं हत्यार ऱ्हायलं की!" तिनं हात धुतले, तुमच्यासारखेच नीट पुसले, पेटी उघडली आणि तुमच्या सगळ्यांत लाडक्या कादंबरीचा पहिला भाग बाहेर काढला. वरच्या पुठ्ठ्याला लावलं असतं तरी चाललं असतं. पण ऐकलं तिनं तुमचंच होतं ना! पुस्तकाचा जीव ज्या पानात, तिथंच अनामिकेनं हळदीचं बोट टेकवलं, त्याला लागून कुंकवाचं, वर दोन अक्षता ठेवल्या आणि पुस्तक हलकेच मिटलं. नमस्कारसुद्धा केला.

दुपारी तुम्ही पाहुण्यांसमोर मोठ्या तोऱ्यात ते पान उघडलंत. तांदळाचे दाणे सतरंजीवर पडले. "सत्यानाश केलास! अडाणी ती अडाणीच राहिलीस!" आई दारात उभी होती. डोक्यावरचा पदर सारखा करत ती एवढंच म्हणाली, "देवाला लावते त्येच लावलं की. इख न्हाय लावलं." हेडमास्तरसाहेबांनी चष्मा सरकवून पान निरखलं आणि हसले. "गुस्सा नक्को करो मास्तरसाब. बीबी ने मुहर लगा दी समझो." तुम्ही हसला नाहीत. पुढच्या खंडेनवमीला आईनं विळी पुजली, मुसळ पुजलं आणि पेटीला वळसा घालून ती निघून गेली. तुम्ही बाजेवर बसून बघत होतात. मला वाटलं, आता काहीतरी म्हणाल, आता म्हणाल. नाही म्हणालात. पान खराब झालं असेल नसेल, पण तो शब्द तिच्या अंगावर तसाच राहिला. मला तुमचा लई राग आला होता, अण्णा.

नंतर रझाकारांचे दिवस आले. लोक हद्दीपलीकडं निघाले, आपणही बार्शीची वाट धरली. बैलगाडीत जागा थोडी. आणि आईच म्हणाली, "हंडा-घागर ऱ्हाऊ द्या, पेटी घ्या." तुम्ही म्हणालात, "माणसं बसू देत आधी." शेजारची म्हातारी बसली, तिच्या नाती बसल्या, पेटी राहिली. त्या एका वाक्यासाठी मी तुमच्यावरचा निम्मा राग सोडून दिला. पोलीस अॅक्शननंतर परतलो तर घर सताड उघडं आणि पेटी गायब. तुम्ही चौकशीही केली नाहीत. काही वर्षांनी तुम्हीही गेलात. मी मात्र ठरवून बसले होते, ते पुस्तक एक दिवस आईच्या हातात ठेवीन आणि त्या शब्दाचा निकाल लावीन.

लग्न होऊन मी तुळजापूरला आले. सासरचं दुकान देवळाच्या वाटेवर, हळद-कुंकू आणि परड्यांचं. तिथं बसून कुंकवाचा रंग मला अंधारातही ओळखू यावा इतका डोळ्यांत बसला. सवड मिळाली की हैदराबाद, सोलापूर, पुणं, जिथं जुनी पुस्तकं तिथं मी. आधी पुठ्ठा उघडायचा, हातानं लिहिलेलं काही आहे का बघायचं, मग बाकीचं. माझंही एक कपाट भरलं. आमचे हे म्हणायचे, "लोकांच्या बायका पैठणी बघतात, आमची बाई पुस्तकांतली कसर बघते." हसू दे म्हटलं.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका विक्रेत्यानं माझ्यापुढं तीन हिरवे भाग ठेवले आणि वर माफीही मागितली. "बाई, पहिल्या भागात लेखिकेचं हस्ताक्षर आहे, पण नेमका त्याच पानावर डाग आहे. गंज असावा. म्हणून कमी भावात देतोय." मी पान उघडलं. पिवळ्या बोटाला लागून लाल बोट, आणि कागदात दाबल्या गेलेल्या दोन दाण्यांच्या खुणा.  तोंड कसनुसं करून मी म्हटलं, "फारच वाईट डाग आहे हो," आणि आणखी भाव पाडून घेतला! अण्णा, डाग नसता तर ती प्रत माझ्या ऐपतीबाहेरची होती, आणि आपलीच आहे हे कळलंही नसतं. रस्त्यावर आल्यावर मी एकटीच मोठ्यानं हसले. एक बाई वळून बघायला लागली, बघू दे म्हटलं.

आई हल्ली माझ्याकडंच असते. घरी आले तेव्हा ती तूर पाखडत होती. मी पान उघडून पुढं धरलं. ती उठली, हात धुतले, पदराला पुसले, आणि अनामिका त्या डागावर ठेवली. बोट आता वाकडं झालंय, तरी बरोब्बर बसलं. "माझंच हाय," ती म्हणाली. मला वाटलं रडेल, तर तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "घावलं व्हय गं! लई येडी हायस, येवढी वर्षं हिंडलीस!" मग सूप बाजूला सारून ताठ बसली. "तुझ्या अण्णाला कळव."

म्हणून लिहायला बसले. हे पत्र कुठल्या टपालपेटीत पडणार नाही, ते तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण एक कबूल करून टाकते. मघाशी वाती वळत तिनं विचारलं, "कळीवलंस का?" "कळवतेय." "मग? काय म्हणले?" तिचा हात वातीवर थांबला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलं, आणि मला दुसरं काही बोलवेना. मी सांगून टाकलं, "चुकलं माझं, म्हणाले." आईनं हातातली वात पुरी वळून बाजूला ठेवली. मग पुन्हा कापूस हातात घेतला. "लई उशीर केला म्हणावं."

तेवढं तुमच्या नावावर खपवलंय, अण्णा. पुढंमागं ती तिकडं आली, तर मला तोंडघशी पाडू नका.